पुढचं सगळं ठाऊक असलेली रुओशी

मैत्रिणींनो, चिनी मालिका म्हटली की पहिली तक्रार ठरलेली असते, "नावंच लक्षात राहत नाहीत हो!" तक्रार खरी आहे. त्यातून ही मालिका राजघराण्यातली. सगळ्यांची डोकी पुढून भादरलेली, पाठीवर लांब वेणी, आणि सगळे एकाच बापाचे मुलगे. म्हणून आधीच सांगून ठेवते. कागदाच्या चिठोऱ्यावर आकडे लिहा आणि तो जवळ ठेवून बसा. दुसरा म्हणजे युवराज. आठवा, नववा, दहावा आणि चौदावा हे एका बाजूचे. चौथा आणि तेरावा दुसऱ्या बाजूचे. एवढं पुरे. मालिकेतही त्यांना नावांपेक्षा आकड्यांनीच जास्त हाक मारतात, त्यामुळे तुमचं काही अडणार नाही.

मालिकेचं नाव 'बुबु जिंगशिन'. म्हणजे पावलोपावली काळजात धस्स होणं. तोंग हुआ नावाच्या लेखिकेची ही कादंबरी २००५ साली आधी इंटरनेटवर आली आणि वाचकांनी उचलून धरली. २०११ च्या सप्टेंबरात हुनान वाहिनीवर तिची पस्तीस भागांची मालिका झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी चीनच्या सरकारी खात्यानं, कालप्रवासाच्या मालिका इतिहासाशी पोरखेळ करतात म्हणून नाराजी दाखवली होती. २०१६ साली कोरियन लोकांनी हीच गोष्ट आपल्या गोर्यो घराण्यात नेऊन बसवली. आपल्याकडच्या पुष्कळ मुलींना तीच जास्त माहीत. मी दोन्ही पाहिल्या. कोरियनमध्ये देखणेपण जास्त, पण चिनीमधलं घर जास्त खरं वाटतं. आज त्या घराविषयीच लिहायचं आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. झांग श्याओ ही आजच्या चीनमधली पंचविशीची, नोकरी करणारी मुलगी. कादंबरीत ती घरातला दिवा बदलताना शिडीवरून पडते, मालिकेत अपघात होतो. (शिडी धरायला कुणी नसताना वर चढू नये, हे आपण या पानावर कितीदा लिहिलंय!) शुद्धीवर येते तेव्हा साल असतं १७०४. कांगशी बादशहाच्या राज्यात, आठव्या राजपुत्राच्या वाड्यात, त्याच्या धाकट्या पत्नीची बहीण रुओशी म्हणून ती जागी होते. परतीची वाट नाही. तिच्याजवळ एकच वस्तू आहे, ती म्हणजे शाळेत शिकलेला इतिहास. पुढे गादीवर चौथा बसणार हे तिला ठाऊक आहे. आठव्याचे हाल होणार हेही ठाऊक आहे.

आता या बादशहाच्या घराकडे जरा बघा. हा भाग मालिकेचा नाही, इतिहासाचा आहे. कांगशीनं एकसष्ट वर्षं राज्य केलं. मुलगे एकंदर पस्तीस. लहानपणीच गेलेले बरेच वगळून क्रमांक लागले ते चोवीस. यातला दुसरा, यिनरेंग, हा पट्टराणीचा. ती बिचारी त्याच्या बाळंतपणात गेली. बापानं पोर दोन वर्षांचंही नसताना त्याला युवराज करून टाकलं. पुढे हे पोर तीस-पस्तीस वर्षं नुसतं युवराजच राहिलं. बाप काही खुर्ची सोडीना आणि मुलगा काही धड वागेना. १७०८ साली कांगशीनं त्याला पदावरून काढलं. सगळ्यांसमोर हे जाहीर करताना म्हातारा रडत जमिनीवर कोसळला असं नोंदलंय. १७०९ मध्ये परत नेमलं. १७१२ मध्ये पुन्हा काढलं. आणि त्यानंतर दहा वर्षं, मैत्रिणींनो, कुणाचंच नाव सांगितलं नाही!

वीस जवान मुलगे घरात, आणि किल्ल्या कुणाकडे जाणार ते बाप सांगत नाही. आपल्याकडेही ती वर्षं काही वेगळी नव्हती. १७०७ मध्ये औरंगजेब गेला आणि त्याचे मुलगे एकमेकांवर तुटून पडले, इकडे शाहूमहाराज आणि ताराराणी यांच्यात गादीचा वाद सुरू झाला. शाळेत हा धडा शिकवताना मुली विचारतात, "बाई, सख्ख्यांमध्ये असं कसं होतं?" चीनचा कांगशी त्यांना दाखवावा असं वाटतं. तो काही दुष्ट नव्हता. हुशार, अभ्यासू, प्रजेची काळजी घेणारा राजा. पण मुलगे त्याच्या तोंडाकडे बघत म्हातारे व्हायला लागले.

आठव्याचं उदाहरण घ्या. आई हलक्या दर्जाच्या नोकरवर्गातून आलेली, म्हणून पोर वाढलं दुसऱ्या राणीच्या हाताखाली. गोड बोलणारा, माणसं जोडणारा. १७०८ मध्ये युवराज गेल्यावर बादशहानं दरबाऱ्यांना विचारलं, "कुणाला नेमू?" बहुतेकांनी आठव्याचं नाव घेतलं. झालं, बाप भडकला! विचारलं कशाला मग? पुढे १७१४ साली आठव्यानं बापाला दोन ससाणे भेट पाठवले, ते पोचले ते मरायला टेकलेले. कुणी केलं, कसं झालं, हे शेवटपर्यंत उलगडलं नाही. पण बापानं त्याच्या आईची जात-कूळ काढून त्याला बोल लावले. तिशीतल्या मुलाला, चारचौघांत, आईवरून.

मालिकेतली रुओशी पहिल्यांदा याच आठव्याच्या प्रेमात पडते. आणि इथं मला लेखिकेचं खरं कौतुक वाटतं, कारण तिनं प्रेमाच्या शेजारीच त्याची काळी बाजू ठेवली आहे. रुओशीची बहीण रुओलान याच आठव्याची बायको. त्यानं तिला घोड्यावर बसलेली, हसणारी अशी पाहिली आणि बापाजवळ मागून घेतली. तिचं मन दुसऱ्या एका सैनिकात होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर ती हसत का नाही याची त्यानं चौकशी केली, त्या चौकशीचा बोभाटा झाला आणि तो सैनिक लढाईत प्राण गमावून बसला. तेव्हापासून रुओलान देवघरात माळ ओढत बसलेली. नवऱ्याशी भांडण नाही, वाद नाही. "हो" नाही नि "नाही" नाही. वाड्यात सगळं आहे, आणि ती कशालाच हात लावत नाही. अशी बाई मी पाहिलेली आहे, तुम्हीही पाहिली असेल. वरणभात वेळेवर वाढते, पण डोळे दुसरीकडेच.

शेवटी मरताना रुओलान सुटका मागते, त्या सैनिकाशेजारी मातीत जाण्यासाठी. आणि आठवा तिला सोडचिठ्ठी देतो. त्या एका प्रसंगात मला तो सगळ्यात मोठा वाटला.

तर रुओशी. राजवाड्यात तिला बादशहाच्या चहाचं काम मिळतं. दिसायला साधं काम, पण विचार करून बघा, घरात चहा देणाऱ्या बाईला काय काय ऐकू येतं! कोण कुणाच्या शेजारी बसला, कुणाचा कप तसाच थंड झाला, कुणाचं नाव निघताच कोण गप्प झालं. ती कुणाच्या अध्यात न मध्यात राहून वर्षानुवर्षं हे काम करते. आणि सीमेबाहेरच्या कुरणांत बादशहा शिकारीला जातो तेव्हा, मोकळ्या हवेत, आठव्याशी तिचं जमतं. तो तिच्या हातात जेडचं कंकण घालतो.

मग ती त्याला अट घालते. गादीचा नाद सोड, मी तुझी. तो विचार करतो, तळमळतो, आणि सोडू शकत नाही. ती कंकण परत करते. इथवर ठीक. पण निरोप घेताना तिचा जीव राहत नाही. ती त्याला बजावते, चौथ्यापासून जपून राहा. आणखी काही माणसांची नावं सांगते, यांच्यापासून सावध राहा म्हणते.

का, ते मात्र सांगत नाही. सांगणार तरी कसं? "मी तीनशे वर्षांनंतरची आहे," असं कोण म्हणेल!

या एका वाक्यानं सगळं घर फिरतं. तोवर आठव्याच्या हिशेबी चौथा कुणीच नव्हता. देवधर्म करणारा, शेतीभाती बघणारा, अबोल भाऊ. आता त्याच्याकडे संशयानं बघणं सुरू होतं. पुढे आठव्याच्या बाजूचे लोक चौथ्याला अडकवण्यासाठी डाव रचतात. तो डाव आपल्या अंगावर घेतो तेरावा, रुओशीचा जिवाभावाचा मित्र, आणि दहा वर्षं बंदिवासात जातो. (खऱ्या तेराव्याच्या कैदेविषयीचे दाखले फार पुसट आहेत. ही दहा वर्षं मालिकेची समजा.) चौथा हे विसरत नाही. गादीवर बसल्यावर तो आठव्याचा जो सूड घेतो, त्याचं मूळ रुओशीनं प्रेमापोटी दिलेल्या त्या इशाऱ्यात आहे. हे तिला कळतं ते फार उशिरा. तिनं जे टाळायला जीभ उचलली, तेच तिनं घडवलं.

मला वाटतं, मालिकेचा सगळा जीव इथं आहे. लोक म्हणतात, इतिहास ठाऊक असूनही तिला काही करता आलं नाही. मी म्हणते, तिला इतिहास ठाऊकच कुठं होता? निकाल ठाऊक होता. चौथा जिंकला, आठवा हरला, एवढंच पुस्तकात असतं, आणि परीक्षेलाही तेवढंच येतं. तो कुठल्या वाटेनं जिंकला, कुणाच्या कुठल्या शब्दानं मनं फाटली, ते पुस्तकात नसतं. आठवड्यातून तीन दिवस मी हाच विषय शिकवते, सनावळ्या पाठ करून घेते, म्हणून सांगते. आणि शिवाय तिनं सांगितलं ते अर्धंच. कारणाशिवाय दिलेला इशारा हा इशारा राहत नाही, त्याचा संशय होतो. "जावेपासून जरा जपून हं," असं कुणी कानात सांगून गेलं की त्या दिवसापासून जावेनं दिलेल्या वाटीतली भाजीसुद्धा वेगळी दिसायला लागते, नाही का?

आता चौथ्याविषयी. पुष्कळजणी त्याच्यावर रागावलेल्या असतात, रुओशीवरही. "राजा होणार हे ठाऊक होतं म्हणून त्याच्याकडे गेली," असा आरोप. सुरुवातीला ती त्याला घाबरूनच असते हे खरं आहे. त्याच्या आवडीनिवडी तेराव्याकडून विचारून घेते, कारण नको तो चहा पुढे ठेवला आणि उद्या महागात पडलं तर? पण पुढे काय होतं बघा. चौथ्याला हे कळतं, आणि तिनं चोरून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो स्वतः तिच्यासमोर येऊन, एकेक करून देतो. हे आवडतं, ते आवडत नाही. मैत्रिणींनो, लग्नाला दहा-पंधरा वर्षं झालेल्या किती नवऱ्यांनी आपण होऊन एवढं सांगितलंय?

आणि दुसरा प्रसंग त्याहून मोठा. ती त्याला विचारते, तुला गादी हवी का? जो प्रश्न विचारणंही गुन्हा आणि उत्तर देणं त्याहून मोठा गुन्हा, त्याला तो सरळ "हवी" म्हणतो. आठवा तिच्यावर प्रेम करत होता, पण तिला जे ऐकायचं होतं तेच बोलू पाहत होता. चौथा तिला आवडणार नाही ते खरं बोलला. तिचं मन तिथं वळलं असं मला वाटतं. तेराव्यासाठी ती गुडघे टेकून दया मागत पावसात बसते, तेव्हा तो तिच्याजवळ येऊन उभा राहतो. काही करू शकत नाही, नुसता भिजतो. पण मनाचं वळण त्याआधीच झालेलं होतं.

(जाता जाता, चौथा झालेले निकी वू आणि रुओशी झालेल्या ल्यू शीशी यांनी पुढे प्रत्यक्षातही लग्न केलं, २०१५ साली. समारंभ २०१६ मध्ये बालीला झाला. मालिकेनं जे दिलं नाही ते देवानं दिलं म्हणायचं.)

१७२२ च्या डिसेंबरात कांगशी वारला आणि चौथा यिनझेन 'योंगझेंग' या नावानं बादशहा झाला. इथं एक कथा फिरते, ती आपल्या बायकांना लगेच कळेल, कारण आपल्याकडे 'ध'चा 'मा' झालेला आहे. म्हणे मृत्युपत्रात 'चौदाव्या मुलाला' असं लिहिलेलं होतं. चिनी लिपीत 'दहा'ची खूण म्हणजे एक उभी-आडवी फुली. तिला एक-दोन रेघा वाढवल्या की तिचा 'ला' होतो, आणि 'चौदाव्या'चं झालं 'चौथ्याला'! कथा झकास आहे. पण अभ्यासक ती मानत नाहीत. राजपुत्राच्या क्रमांकाआधी दरबारी कागदात आणखी एक मानाचं अक्षर असायचं, त्यामुळे नुसत्या रेघा वाढवून वाक्य जुळत नाही. शिवाय तो 'ला' त्या काळी वेगळ्या, गुंतागुंतीच्या अक्षरानं लिहीत. आणि महत्त्वाचे कागद मांचू भाषेतही असत, तिथं ही हातचलाखी चालणारच नाही. आपल्या आनंदीबाईला मात्र १७७३ पासून कुणी असा वकील मिळाला नाही.

संशयाला जागा मात्र होती. मृत्यूची नि वारसाची बातमी ज्यानं बाहेर सांगितली तो राजधानीच्या पहाऱ्याचा प्रमुख लोंगकोदो, चौथ्याला जिनं वाढवलं त्या राणीचा भाऊ. म्हणजे मामाच. (पुढे हाच मामा भाच्याच्या कैदेत मेला.) आणि चौदावा त्या वेळी फौजेसह दूर वायव्येला होता. अफवा इतक्या वाढल्या की योंगझेंगनं १७३० च्या सुमारास त्या खोडून काढणारं पुस्तकच छापून वाटलं. परिणाम काय? ज्यांनी अफवा ऐकल्या नव्हत्या त्यांनाही कळल्या! त्याच्या मुलानं गादीवर येताच ती पुस्तकं परत गोळा करवली.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते एका बाईचं. चौथा आणि चौदावा हे सख्खे भाऊ, एका आईचे. थोरला जन्मल्यावर दुसऱ्या राणीच्या ओटीत गेला, धाकटा जवळ राहिला. नवरा गेला, थोरला गादीवर बसला, धाकट्याला परत बोलावून बापाच्या थडग्याची राखण करायला बसवलं. राजमाता म्हणून मानाचा किताब नि मोठा महाल पुढे आला, तर तिनं तो घ्यायला आढेवेढे घेतले. १७२३ च्या जूनमध्ये ती वारली. नवऱ्यामागं जेमतेम सहा महिने. तिच्यावर कुणी मालिका काढली तर मी सगळी कामं टाकून बघेन.

गादीनंतरचे मालिकेचे भाग जड आहेत, लहान मुलांना घेऊन बसू नका. रुओशीची मैत्रीण युतान ही नवव्याची हेर निघते. गरिबीत त्यानं हात दिला होता, त्याची परतफेड ती आयुष्यभर करत होती. तिला जी शिक्षा होते ती लिहवत नाही. आठव्याला थोरल्या बायकोला सोडून देण्याचा हुकूम होतो, आणि ती मानी बाई स्वतःला जाळून घेते. सोडून देण्याचा हुकूम इतिहासातही आहे, १७२६ सालचा. या सगळ्यात सुखी जोडपं एकच, दहावा आणि त्याची भांडकुदळ बायको. तिनं लग्नाआधी रुओशीच्या झिंज्या ओढल्या होत्या. तो तिच्याशी मनाविरुद्ध लग्न करतो, वर्षानुवर्षं दोघं भांडतात, आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की हिच्याशिवाय करमत नाही.

युतान गेल्यावर रुओशी चौथ्याजवळ राहू शकत नाही. प्रेम आहे, पण त्या महालात श्वास घेववत नाही. चौदावा तिला पत्नी म्हणून नेतो, नावापुरती, मोकळी हवा मिळावी म्हणून. शेवटचे दिवस जवळ आल्यावर ती चौथ्याला पत्र लिहिते, एकदा येऊन जा. वर्षानुवर्षं त्याची अक्षरं गिरवून तिचं अक्षर हुबेहूब बादशहासारखं झालेलं असतं. ते कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून चौदावा भलेपणानं ते आपल्या पाकिटात घालतो आणि वर स्वतःच्या हातानं पत्ता लिहितो. बादशहा भावाचं अक्षर बघतो, पुन्हा काहीतरी टोचून लिहिलं असणार असं समजतो, आणि पाकीट न फोडता बाजूला ठेवतो. उघडतो तेव्हा ती गेलेली असते.

खरा योंगझेंग १७३५ मध्ये वारला. त्यानं एक व्यवस्था मात्र १७२३ मध्येच करून ठेवली होती. वारसाचं नाव आधीच लिहून, पेटीत बंद करून, महालातल्या एका मोठ्या फलकामागे ठेवायचं, बापाच्या मृत्यूनंतरच काढायचं. स्वतःच्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून. आठव्या आणि नवव्याची नावं त्यानं वंशावळीतून काढून टाकली होती, त्यांना अपमानाची दुसरी नावं घ्यायला लावली होती, आणि दोघेही १७२६ मध्ये कैदेत मेले. चौदावा जगला. पेटीतून ज्याचं नाव निघालं त्या चियेनलुंग पुतण्यानं त्याला सोडलं, आणि तो १७५५ पर्यंत होता. आठव्या-नवव्याची मूळ नावं याच पुतण्यानं घरच्या वंशावळीत परत लिहवून घेतली, पण तोवर १७७८ साल उजाडलं होतं.